जुना ट्रक घेतला आणि फसगत झाली: डीलरशी वाद कोणत्या क्रमाने सोडवायचा

जुन्या ट्रकच्या वादात बहुतेक खरेदीदार आपली बाजू पहिल्या आठ दिवसांतच घालवून बसतात. घाटात इंजिन बसतं, गाडी जवळच्या गॅरेजला जाते, मिस्त्री हेड खोलतो, जुने पार्ट भंगारात जातात, दीड-दोन लाख खर्च होतात. त्यानंतर डीलरकडे बिल नेलं की तो म्हणतो, "माझ्याकडून नेली तेव्हा गाडी चांगली होती, तुम्ही ओव्हरलोड मारली." ते खोटं असलं तरी खोडून काढायला हातात काहीच उरलेलं नसतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पुरावा, मग तपासणी, मग नोटीस, मग तक्रार आणि दुरुस्ती शेवटी. हा लेख महाराष्ट्रात डीलरकडून किंवा यार्डातून जुना ट्रक घेतलेल्यांसाठी आहे.

## १. पहिला दिवस: गाडी उभी करा, ठेवायची की परत करायची ते ठरवा

दोष कळला त्याच दिवशी गाडी सुरक्षित जागी लावा आणि मीटरचा फोटो काढा. त्यानंतर स्वतःला एकच प्रश्न विचारा: गाडी परत करून पैसे हवेत, की गाडी ठेवून दुरुस्तीचा खर्च हवा?

पुढची प्रत्येक पायरी या उत्तरावर ठरते. परत करायची असेल तर त्या दिवसापासून भाडं मारू नका. दोष माहीत असूनही महिनाभर फेऱ्या केल्या, तर तुम्ही गाडी आहे तशी स्वीकारली असा अर्थ निघतो आणि व्यवहार रद्द करण्याची मागणी लंगडी पडते. घर त्याच गाडीवर चालत असेल आणि ती उभी ठेवणं परवडणारं नसेल, तर परतीचा हट्ट सोडा आणि दुरुस्तीचा खर्च किंवा किमतीतला फरक मागा. भाडंही मारायचं आणि पूर्ण पैसेही परत मागायचे, हे दोन्ही एकत्र टिकत नाही.

इशारा: डीलर म्हणेल, "गाडी पाठवून द्या, आमचा मिस्त्री बघून घेईल." लेखी पोचीशिवाय चावी देऊ नका. पोचीवर तारीख, मीटरचं रीडिंग, इंजिन व चेसी क्रमांक, सगळ्या टायरचे सिरीयल क्रमांक, बॅटरी आणि "कोणता दोष तपासण्यासाठी" हे लिहिलेलं असलं पाहिजे. पोचीशिवाय गाडी गेली की पुरावा आणि ताबा दोन्ही गेले.

दुसरा इशारा: राग डीलरवर असतो आणि लोक फायनान्सचे हप्ते थांबवतात. कर्जाचा करार वेगळा आहे. हप्ते थकले तर फायनान्सवाले गाडी ओढून नेतात आणि तुमचा खटला गाडीविना उरतो.

## २. समोर नेमकं कोण आहे?

"डीलर" म्हणून ज्याच्याशी बोललात तो कायद्याने विक्रेता असेलच असं नाही. बिल, करारपत्र आणि बँकेची नोंद समोर ठेवा आणि पैसे कुणाच्या खात्यात गेले ते पाहा.

स्वतःच्या नावाने बिल देणारा डीलर थेट जबाबदार असतो. दलाल मात्र "मी फक्त गाठ घालून दिली, मालक वेगळा" म्हणून हात वर करतो. अशा वेळी आरसीवरचा मालक आणि दलाल दोघांनाही नोटीस द्या. दलालाने स्वतःच्या खात्यात टोकन घेतलं असेल किंवा व्हॉट्सॲपवर "इंजिनची गॅरंटी माझी" असं लिहिलं असेल, तर तो सहज सुटत नाही. फायनान्स कंपनीच्या लिलावात, ओढून आणलेली गाडी "जशी आहे तशी" या अटीवर घेतली असेल, तर यांत्रिक दोषावर भांडण फार अवघड आहे. तिथे कागद अपुरे असले तरच जोर लावा.

एक गोष्ट आवर्जून तपासा. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५५ए ते ५५एच हे नियम आले. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं आणि मालकाने त्याच्याकडे गाडी सोपवली की फॉर्म २९सी ने कळवायचं असतं. ती नोंद झाल्यावर डीलर त्या गाडीचा मानीव मालक ठरतो, म्हणजे कायदा त्यालाच मालक समजतो. डीलरकडे अधिकारपत्र आहे का आणि तुमच्या गाडीचा २९सी भरला होता का, हे आरटीओत लेखी अर्ज देऊन विचारा. "मी फक्त मध्यस्थ" या बचावाला यातून थेट उत्तर मिळतं.

## ३. वाद कागदाचा आहे की यंत्राचा?

दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत आणि लोक ते एकत्र करून गोंधळ घालतात.

कागदाचा वाद: आरसीवर जुन्या फायनान्सचा बोजा, एनओसी न मिळणं, थकलेला कर, मागच्या मालकाची ई-चलनं, संपलेलं पासिंग, न जुळणारा चेसी क्रमांक. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा तपशील, बोजा, कर, फिटनेस, विमा आणि चलनं पाहा. तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. बोजा उतरवायला फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो, नाव बदलायला फॉर्म २९ व ३०, दुसऱ्या राज्यातल्या गाडीला फॉर्म २८. खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरासाठी अर्ज करायचा असतो, त्यामुळे "एनओसी उद्या देतो" यावर महिने काढू नका.

परमिटच्या तोंडी आश्वासनातही फसगत होते. मल्टी-ॲक्सल (दोनपेक्षा जास्त ॲक्सल) नसलेल्या मालट्रकला १२ वर्षांनंतर आणि मल्टी-ॲक्सलला १५ वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही. तेरा वर्षांची सहाचाकी "नॅशनल परमिट काढून देतो" असं सांगून विकली असेल, तर ते चुकीचं कथन आहे. त्याचा मेसेज किंवा जाहिरात जपून ठेवा.

यंत्राचा वाद: इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, चेसीला तडा, मागे फिरवलेला मीटर, बीएस-६ गाडीत बायपास केलेली डीईएफ (धूर स्वच्छ करणाऱ्या युरिया द्रावणाची) यंत्रणा. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: डोळ्यांना दिसणाऱ्या दोषावर भांडू नका. गुळगुळीत टायर, गंजलेला हौदा, फुटलेली काच तुम्ही पाहूनच गाडी घेतली होती. साध्या काळजीने कळलं असतं अशा गोष्टीवर "मला सांगितलं नाही" ही तक्रार सहसा टिकत नाही. लढाई लपवलेल्या दोषावर करा.

तपासा: चेसीवरचा ठोकलेला क्रमांक आणि आरसी यात एका अक्षराचाही फरक असेल किंवा क्रमांकाच्या जागी घासल्याच्या, वेल्डिंगच्या खुणा असतील, तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. पेन्सिल प्रिंट घ्या (क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासा), फोटो काढा आणि थेट आठव्या टप्प्यातल्या पोलीस तक्रारीकडे जा.

## ४. फाईल

एकाच फाईलमध्ये, तारखेच्या क्रमाने, पानांना क्रमांक घालून लावा: जाहिरात, टोकनची पावती, करारपत्र, बिल, बँकेचं स्टेटमेंट, कर्जाची कागदपत्रं, डिलिव्हरी नोट, आरसी, विमा, फास्टॅगचं स्टेटमेंट, दोष कळल्यापासूनचे सगळे मेसेज.

व्हॉट्सॲपचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. पूर्ण संवाद एक्सपोर्ट करा, मूळ फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, ते तक्रारीबरोबरच जोडा.

वजनकाट्याच्या चिठ्ठ्या लोक फेकून देतात. खरेदीपासून बंद पडेपर्यंतच्या प्रत्येक फेरीची चिठ्ठी आणि बिल्टी (माल वाहतुकीची पावती) असेल, तर आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून "ओव्हरलोड" हा आरोप तिथेच संपतो.

रोखीने दिलेले पैसे ही सर्वांत मोठी अडचण. करारात आठ लाख, प्रत्यक्षात बारा, वरचे चार रोख, असा व्यवहार असेल तर ते चार सिद्ध करणं तुमच्यावर येतं. २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे आणि त्याचा दंड घेणाऱ्याला होतो. त्यामुळे डीलर ती रक्कम कधी मान्य करणार नाही. त्या दिवशीची बँकेतून काढलेली रक्कम, साक्षीदार, "बाकी चार मिळाले" असा मेसेज, जे असेल ते गोळा करा.

## ५. इंजिन न उघडता तपासणी

सगळ्या वादाचा कणा हाच आहे, इथे घाई करू नका.

प्रश्न "गाडीत दोष आहे का" एवढाच नसतो. विक्रीच्या दिवशी तो दोष होता का, हे दाखवावं लागतं. नेहमीच्या मिस्त्रीचं "इंजिन खराब आहे" असं दोन ओळींचं पत्र त्यासाठी कामाचं नाही. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये पैसे भरून तपासणीचं जॉब कार्ड काढा. रक्कम मोठी असेल तर परवानाधारक मोटार सर्वेअरचा लेखी अहवाल घ्या.

तपासणीच्या किमान सात दिवस आधी डीलरला मेसेज आणि ईमेल करा: "अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक वर्कशॉपमध्ये तपासणी आहे, तुमचा माणूस पाठवा." तो आला नाही तरी हरकत नाही. बोलावलं होतं याचा पुरावा राहतो आणि "आमच्या मागे केलं" हे म्हणणं बंद होतं.

अहवालात या गोष्टी असाव्यात:

इंजिन. थंड इंजिन पहिल्यांदा चालू करतानाचा सलग व्हिडिओ: धुराचा रंग, ऑइलचा काटा, ऑइल भरायचं झाकण काढल्यावर बॅक कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधून खाली गळणाऱ्या वायूचा) धूर. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन आकड्यात आणि शेजारी कंपनीची किमान मर्यादा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी मिसळतंय. बंद बाटलीत नमुना घेऊन दोन्ही बाजूंच्या सहीचं लेबल लावा. बॅक कॉम्प्रेशन दडवण्यासाठी विक्रीआधी घट्ट ऑइल किंवा ॲडिटिव्ह घातलेलं असतं आणि ऑइल बदललं की ते उघडं पडतं. पण ते जुनं ऑइल हाच दडवादडवीचा पुरावा, म्हणून नमुना घेण्याआधी ऑइल बदलू नका.

चेसी. तडा स्वच्छ करून जवळून फोटो. नवा तडा आतून चकचकीत असतो, जुन्याच्या आत गंज चढलेला असतो. गंजलेल्या तड्यावर ताजा रंग किंवा रंगाखाली वेल्डिंग सापडलं, तर दोष लपवल्याचा याहून बोलका पुरावा नाही.

मीटर. स्कॅनर लावून ईसीएममधले (इंजिनच्या संगणकातले) किलोमीटर व इंजिनचे तास काढा आणि मीटरशी ताडा. जुनी जॉब कार्डं अधिकृत वर्कशॉपमध्ये आरसी दाखवून मागा. दोन वर्षांपूर्वीच्या जॉब कार्डवर ४,८०,००० आणि आज मीटरवर ३,१०,००० दिसत असेल, तर पुढे फार बोलावं लागत नाही.

बीएस-६ गाड्या. डीईएफ खर्चच होत नसेल तर इम्युलेटर (यंत्रणा चालू असल्याचा खोटा सिग्नल देणारं उपकरण) लावलेला असण्याची शक्यता. वायरिंगचा फोटो आणि स्कॅनरची छापील प्रत घ्या.

अहवालाच्या शेवटी तपासणाऱ्याकडून दोन वाक्यं मागून घ्या: दोष साधारण किती जुना असावा आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च किती. पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहायला सांगा.

इशारा: गाडी उघडणं भागच असेल, तर आधी लेखी कळवा, खोलताना व्हिडिओ करा आणि निघालेला एकूण एक पार्ट पोत्यात बांधून ठेवा. पिस्टन, लायनर, बेअरिंग भंगारात गेले की प्रकरणही गेलं.

## ६. मागणी आकड्यात मांडा

"नुकसानभरपाई द्या" ही मागणी नव्हे. गाडी परत करणार असाल, तर दिलेली किंमत, विमा, हस्तांतराचा खर्च आणि कर्जाचं भरलेलं व्याज मागा. मुद्दल किमतीत आलेलंच असतं, पूर्ण हप्ते वेगळे मागू नका. गाडी ठेवणार असाल, तर दुरुस्तीचा अंदाज, टोइंग आणि बंद काळाचं उत्पन्न मागा.

उत्पन्न नेहमी निव्वळ मांडा. भाडं २८,०००, त्यात डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता मिळून १९,००० गेले, तर फेरीमागचं नुकसान ९,०००. मागच्या फेऱ्यांच्या बिल्ट्या जोडा. फुगवलेला आकडा एकदा उघडा पडला की खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. "मानसिक त्रासाचे दहा लाख" लिहिणाऱ्यांचं असंच होतं.

## ७. नोटीस

वकिलाची नोटीस उत्तम, पण सक्तीची नाही. साध्या मराठीत दोन पानं पुरतात. मजकुराचा गाभा असा:

"दिनांक … रोजी वाहन क्र. … आपण मला रु. … ला विकले. विक्रीवेळी आपण … असे सांगितले (मेसेज सोबत). दिनांक … रोजी पुढील दोष आढळले: … . दिनांक … च्या तपासणीस आपणांस बोलावले होते. अहवाल सोबत जोडला आहे. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत … करावे, अन्यथा मी योग्य त्या मंचाकडे दाद मागेन."

पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. बिलावरचा पत्ता आणि जीएसटी नोंदणीतला पत्ता वेगळे असतील तर दोन्हीकडे पाठवा, शिवाय ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही. "घेण्यास नकार" असा शेरा मारून आलेलं पाकीट फोडू नका, ते तसंच फाईलला लावा.

नोटिशीत किंवा फोनवर "पैसे द्या, नाहीतर पोलिसांत घालतो" असं लिहू-बोलू नका. ते उलट तुमच्याविरुद्ध वापरलं जातं.

## ८. दाद कुठे मागायची

ग्राहक आयोग. आधी तुम्ही ग्राहक ठरता का ते पाहा. व्यावसायिक हेतूने घेतलेल्या मालाला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होत नाही. पण स्वयंरोजगारातून फक्त उदरनिर्वाहासाठी घेतलेला माल व्यावसायिक हेतूत मोजला जात नाही. एकच ट्रक, तोही स्वतः चालवता, तर तुम्ही ग्राहक. चार गाड्या आणि चार ड्रायव्हर असतील तर बहुधा नाही. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा: "हा ट्रक मी स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी घेतला असून तो मी स्वतः चालवतो." सोबत तुमचं लायसन्स आणि आयकर विवरण जोडा. हे वाक्य राहिलं म्हणून चांगल्या तक्रारी दारातच अडकतात.

दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, डीलरच्या गावी जायची गरज नाही. ५ लाखांपर्यंत फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते आणि वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहा. छोटी प्रकरणं तिथेच मिटू शकतात, पण त्यामुळे दोन वर्षांची मुदत थांबत नाही.

तक्रारीसोबतच अंतरिम अर्ज द्या. एनओसी अडकली असेल तर ती देण्याचा आदेश निकालाआधीही मागता येतो. प्रतिपक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि वाढवून फार तर १५ मिळतात. ते उलटले की उत्तर स्वीकारू नये, हा मुद्दा तुम्हीच मांडा.

दिवाणी न्यायालय. तुम्ही ग्राहक ठरत नसाल तर हा मार्ग, मुदत तीन वर्षं. दोन्ही बाजू व्यापारी आणि रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल तर दावा व्यावसायिक न्यायालयात जाऊ शकतो. मग तातडीचा अंतरिम आदेश नको असल्यास आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो. तो टप्पा गाळला तर दावा फेटाळला जातो.

पोलीस. इंजिन खराब निघालं म्हणून गेलात तर "हा दिवाणी वाद आहे" असं सांगून परत पाठवतील, आणि बहुतेक वेळा त्यात तथ्य असतं. बनावट एनओसी, बदललेला चेसी क्रमांक, लपवलेलं कर्ज, एकच गाडी दोघांना विकणं, हे मात्र फसवणुकीचे प्रकार. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं, ३३६ बनावट दस्तऐवजाचं. लेखी तक्रार द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पाठवा, मग दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

## ९. तडजोड झाली तर

नोटीस गेल्यावर डीलर बोलायला येतो आणि नेमकं इथे लोक सैल सुटतात. "पूर्ण समाधान झाले" अशा कागदावर रक्कम खात्यात येण्याआधी सही करू नका. अर्धे आत्ता, अर्धे नंतर असं ठरलं, तर हप्त्यांच्या तारखा आणि चुकल्यास मूळ मागणी कायम राहील, हे लिहून घ्या.

पुढच्या तारखेचा चेक घेतलात तर त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाका. न वटल्यास बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस आणि ते उलटल्यावर एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली तक्रार. यातली एक तारीख जरी चुकली तरी प्रकरण अडचणीत येतं.

गाडी परत द्यायची ठरली तर क्रम असा: रक्कम आरटीजीएसने तुमच्या खात्यात जमा. फायनान्स बंद करून बोजा उतरवण्याची कागदपत्रं. फॉर्म २९ व ३० वर सह्या करून ऑनलाइन अर्ज. फास्टॅग बंद. विमा कंपनीला लेखी कळवणं. मग तारीख, वेळ आणि मीटरसह ताबा पावती, आणि त्यानंतर चावी.

आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत त्या गाडीने कुठेही अपघात केला तर भरपाईच्या दाव्यात नोंदणीकृत मालक म्हणून तुम्हीच उभे राहता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच स्पष्ट केलं आहे. म्हणून चावी दिल्यावरही दर आठवड्याला परिवहनच्या संकेतस्थळावर मालकाचं नाव पाहत राहा. ३० दिवसांत बदललं नाही तर आरटीओला ताबा पावती जोडून लेखी कळवा आणि पोच फाईलला लावा.